फुल एचडी व्हिडिओची डीव्हीडी करताना: घरच्या जुन्या प्लेअरवर नक्की चालणारी डिस्क

लग्नाचं शूटिंग करणारे हल्ली पेनड्राइव्ह देतात. शाळेचं स्नेहसंमेलन, अरंगेत्रम, साठीशांत, सगळं फुल एचडी किंवा फोर-के फाइलींत येतं आणि लॅपटॉपवर झकास दिसतं. अडचण येते ती घरातल्या थोरामोठ्यांपाशी. त्यांच्याकडे जुना डीव्हीडी प्लेअर असतो, त्याची सवय असते, आणि पेनड्राइव्हमधलं फोल्डर उघडा, खाली जा, ओके दाबा ही कसरत त्यांना नको असते. डिस्क घातली की सुरू व्हावं, एवढंच त्यांचं म्हणणं.

मग कोरी डीव्हीडी आणली जाते, एमपी४ फाइल ओढून तिच्यावर टाकली जाते, डिस्क राइट होते आणि प्लेअर म्हणतो, डिस्क ओळखता येत नाही. डिस्क चांगली असते, प्लेअरही चांगला असतो. फक्त तयार झालेली असते ती डेटा डिस्क, म्हणजे फाइल ठेवायची जागा. डीव्हीडी-व्हिडिओ हे वेगळं प्रकरण आहे. १९९६ साली जपानमध्ये ते बाजारात आलं आणि त्या काळच्या चिपना झेपेल अशा बेताने त्याचे नियम आखले गेले. चित्र एमपेग-२ या जुन्या व्हिडिओ पद्धतीतच हवं, त्याची लांबी-रुंदी ठरलेली, सेकंदाला फ्रेम, म्हणजे एकामागून एक येणारी चित्रं, किती तेही ठरलेलं, आवाज ४८ किलोहर्ट्झचा. हे सगळं ‘व्हिडिओ_टीएस’ नावाच्या फोल्डरमध्ये आयएफओ, बीयूपी आणि व्हीओबी अशा तीन तऱ्हांच्या फाइलींत बसवायचं, आणि एकही व्हीओबी फाइल १ जीबीच्या वर जाता कामा नये. आजची एमपी४ फाइल यातला बहुतेक एकही नियम पाळत नाही.

म्हणून काम तीन टप्प्यांत होतं: चित्र-आवाज एमपेग-२ मध्ये उतरवणं, त्यातून डीव्हीडीची रचना बांधणं म्हणजे ऑथरिंग, आणि शेवटी राइट करणं. लोक सगळी काळजी शेवटच्या टप्प्याची करतात. माझ्या मते डिस्क बिघडते ती सॉफ्टवेअर उघडायच्या आधीच, कोणत्या प्लेअरसाठी, किती मिनिटं आणि किती फ्रेम हे न ठरवता सुरुवात केल्यामुळे.

आधी समोरचा प्लेअर कोणता ते विचारा

फोन करून प्लेअरचा फोटो मागवा. ब्लू-रे प्लेअर निघाला तर हा लेख इथेच बंद करा. बहुतेक ब्लू-रे प्लेअर पेनड्राइव्हवरची एमपी४ फाइल फुल एचडीमध्येच दाखवतात, मुद्दाम दर्जा उतरवायचं कारण नाही. साध्या डीव्हीडी प्लेअरलाही पुढच्या बाजूला यूएसबीची खाच असते, पण त्यावर भिस्त ठेवू नका. स्वस्तातले बरेच प्लेअर तिथे डिव्हएक्स, एक्सव्हिड असल्या जुन्या एव्हीआय फाइलीच चालवतात. आजच्या कॅमेऱ्याची एच.२६४ किंवा एचईव्हीसी फाइल दिसते, नावही येतं, आणि प्ले दाबलं की आवाज नाही, चित्र नाही.

दुसरा प्रश्न, डिस्क कुठल्या देशात जाणार? भारत, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि आखाती देश इथे टीव्हीची पद्धत पाल, म्हणजे ७२० बाय ५७६ चं चित्र आणि सेकंदाला २५ फ्रेम. अमेरिका, कॅनडा आणि जपानमध्ये एनटीएससी, म्हणजे ७२० बाय ४८० आणि २९.९७ फ्रेम. भारतात विकले गेलेले बहुतेक प्लेअर दोन्ही चालवतात. अमेरिकेतल्या घरगुती प्लेअरचं तसं नाही, त्यातल्या पुष्कळांना पाल डिस्क चालत नाही. तेव्हा न्यू जर्सीच्या मावशीला पाठवायची डिस्क एनटीएससीमध्येच करा. इथे लोक रीजन कोडची गल्लत करतात. रीजन कोड ही सिनेमा कंपन्यांनी घातलेली कुलपं. घरी केलेल्या डिस्कला ती नसतातच. अडवते ती पाल-एनटीएससीची भानगड.

तिसरा प्रश्न टीव्हीचा. सपाट रुंद टीव्ही असेल तर १६:९ (रुंदी १६, उंची ९), आणि जुना डबा टीव्ही असला तरीही १६:९ च करा. डब्यावर वर-खाली काळ्या पट्ट्या घालून दाखवायचं काम प्लेअरकडे असतं, फक्त त्याच्या सेटिंगमध्ये टीव्हीचा प्रकार ‘४:३ लेटरबॉक्स’ असा निवडलेला हवा. ते चुकलं की नवरा-नवरी उंच आणि काडीपैलवान दिसतात आणि दोष डिस्कला जातो.

एक गोष्ट घरच्यांना आधीच सांगून ठेवा: दर्जा उतरणार. १९२० बाय १०८० च्या चित्रात सुमारे २० लाख ७३ हजार पिक्सेल असतात, पाल डीव्हीडीच्या चित्रात ४ लाख १५ हजारांच्या आत. म्हणजे बरोबर पाचवा हिस्सा. फोर-के असेल तर विसावा. कुठलंही सॉफ्टवेअर ‘एचडी क्वालिटी डीव्हीडी’ म्हणत असेल तर ते तुमच्या अज्ञानावर पैसे कमावतंय. मात्र चांगल्या एचडीवरून नीट उतरवलेली डीव्हीडी ३२ इंची टीव्हीवर छान दिसते, थेट जुन्या कॅमेऱ्यावर काढलेल्या चित्रापेक्षा कितीतरी सरस.

बिटरेटचा हिशेब

बिटरेट म्हणजे व्हिडिओच्या दर सेकंदाला किती डेटा खर्च होतो तो आकडा. डिस्कवर लिहिलेले ४.७ जीबी हे दशमान पद्धतीचे आहेत, ४७० कोटी बाइट. विंडोज तीच जागा ४.३७ जीबी दाखवतं, म्हणून ४.६ जीबीची फाइल ‘बसायला हवी होती’ असं वाटूनही बसत नाही. ४७० कोटी बाइट म्हणजे ३७,६०० मेगाबिट. त्यातले पाचेक टक्के रचनेसाठी, मेनूसाठी आणि सुरक्षित मोकळ्या जागेसाठी सोडले की उरतात साधारण ३५,७००. हाच आकडा लक्षात ठेवायचा. व्हिडिओ जितक्या सेकंदांचा असेल त्याने ३५,७०० ला भागा, त्यातून आवाजाचा बिटरेट वजा करा, उरला तो चित्राचा बिटरेट.

समजा लग्नाची फिल्म १ तास ५० मिनिटांची आहे, म्हणजे ६,६०० सेकंद. ३५,७०० भागिले ६,६०० बरोबर ५.४. त्यातून आवाजाचे ०.२ काढले की ५.२, जरा हात राखून ५.१ मेगाबिट धरा. हे चांगलं आहे. दीड तासाला ६.४ मिळतात, उत्तम. दोन तासांना ४.७, ठीक. अडीच तासांना ३.७, आणि इथून पुढे अक्षता पडताना, फुलं उधळताना, नाचताना चित्रात चौकोन चौकोन दिसू लागतात. तीन तासांना ३.१ च उरतात. शिधा मोजून दिलेला असताना पंगत वाढली तर प्रत्येक पानात कमीच पडणार, आचारी कितीही हुशार असो.

उलट टोकाला तासाभराची फिल्म असेल तर भागाकार ९.९ च्या आसपास येतो, पण तेवढा देऊ नका. नियमाने चित्राची कमाल मर्यादा ९.८ आणि चित्र-आवाज मिळून १०.०८ मेगाबिट आहे, पण घरी राइट केलेली डिस्क वाचताना जुन्या प्लेअरची लेन्स तेवढ्या वेगाला धापा टाकते. मी ८ च्या वर जात नाही. मधला फरक डोळ्याला कळत नाही, अडखळणं मात्र लगेच कळतं.

फिल्म दोन तासांच्या वर असेल तर दोन डिस्क करा: एकीवर हळद, मेंदी, सीमांतपूजन, दुसरीवर लग्न आणि स्वागतसमारंभ. ८.५ जीबीची डबल लेअर डिस्क हा पर्याय कागदावर बरा दिसतो, पण ती महाग पडते, शोधावी लागते, आणि एका थरावरून दुसऱ्यावर जाताना काही जुने प्लेअर थबकतात किंवा तिथेच राम म्हणतात.

आवाजासाठी डॉल्बी एसी-३, स्टिरिओ, १९२ ते २५६ किलोबिट पुरेसा. पाल प्लेअरना एमपी२ ही चालतो, पण एसी-३ दोन्हीकडे चालतो, म्हणून तोच. शास्त्रीय गायनाची मैफल असेल तर मात्र मी एलपीसीएम घेईन. तो १.५ मेगाबिट खातो, पण आवाज दाबला जात नाही. आणि बैठकीच्या चित्रात हालचाल कमी असल्याने चित्राला कमी बिटरेट चालून जातो. तानपुऱ्यासाठी एवढं करायला हरकत नाही.

फ्रेमचा घोळ

इथे सगळ्यात जास्त डिस्क बिघडतात, आणि कारण कळत नाही म्हणून लोक सॉफ्टवेअर बदलत बसतात. आधी ‘मीडियाइन्फो’ हे फुकट सॉफ्टवेअर घ्या, फाइल त्यात टाका आणि चार गोष्टी वाचा: फ्रेम रेट किती, तो कायम आहे की बदलता, स्कॅन प्रोग्रेसिव्ह (प्रत्येक फ्रेम पूर्ण) की इंटरलेस्ड (एकाआड एक ओळींची अर्धी-अर्धी चित्रं), आणि रंगांत एचडीआरचा (उजेड-अंधाराची जास्त मोठी पट्टी टिपणाऱ्या पद्धतीचा) उल्लेख आहे का.

व्यावसायिक शूटिंगवाल्याची फाइल २५ किंवा ५० फ्रेमची असेल तर पाल करा, प्रश्न मिटला. आपल्याकडे विजेची वारंवारता ५० हर्ट्झ असल्यामुळे हॉलमधल्या ट्यूबलाइट ३० फ्रेमवर लुकलुकू शकतात, म्हणून जाणकार शूटिंगवाले २५-५० वरच राहतात. फोनचं शूटिंग मात्र बहुधा ३० किंवा ६० चं. त्याची पाल डिस्क केली तर सॉफ्टवेअर दर सहा फ्रेमांतली एक टाकून देतं. माणूस उभा राहून बोलत असेल तर काही कळत नाही, पण कॅमेरा मांडवभर फिरवला की चित्र हिसके खात सरकतं. अशा वेळी सरळ एनटीएससी डिस्क करा. भारतातल्या बहुतेक प्लेअरला ती चालते, ओळी ५७६ ऐवजी ४८० होतात, पण चित्र लोण्यासारखं सरकतं. तपशील थोडा कमी आणि हालचाल गुळगुळीत, हा सौदा मला केव्हाही मान्य आहे. डिस्कवर दोन्ही प्रकारचं शूटिंग मिसळलेलं असेल तर ज्याची मिनिटं जास्त त्याच्या बाजूने निर्णय घ्या.

५० फ्रेमच्या फाइलीतून २५ ची डिस्क करताना निम्म्या फ्रेम जातात. लग्नात हे खपतं. भरतनाट्यम किंवा लेझीम असेल तर व्हिडिओ एडिटरमधून इंटरलेस्ड, ‘टॉप फील्ड फर्स्ट’ असं एमपेग-२ काढून घ्या. त्यात सेकंदाच्या पन्नासही हालचाली अर्ध्या-अर्ध्या ओळींत टिकतात आणि पावलं तुटत नाहीत.

आता बदलता फ्रेम रेट. फोन प्रकाश पाहून फ्रेम कमी-जास्त करतो. मीडियाइन्फो अशा फाइलीपुढे ‘व्हेरिएबल’ लिहितं. अशी फाइल तशीच डीव्हीडीच्या सॉफ्टवेअरला दिली की सुरुवातीला आवाज जुळतो आणि पाऊण तासाने मंगलाष्टकं ओठांच्या पुढे धावतात. उपाय सोपा आहे. ‘हँडब्रेक’ नावाच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये फाइल उघडा, व्हिडिओच्या पानावर फ्रेम रेट ३० निवडा, त्याखाली ‘कॉन्स्टंट’ वर खूण करा, दर्जा आरएफ १६ ते १८ ठेवा आणि नवी एमपी४ काढा. हँडब्रेक स्वतः डीव्हीडी बनवत नाही, त्याच्याकडून एवढीच मधली फाइल करून घ्यायची.

जुन्या हँडीकॅमच्या एमटीएस फाइली १०८०आय म्हणजे इंटरलेस्ड असतात. त्या तशाच लहान केल्या तर हालणाऱ्या हाताच्या कडेला कंगव्यासारखे दाते दिसतात. हँडब्रेकमध्येच फिल्टरच्या पानावर डीइंटरलेस लावून मग पुढे जा.

एचडीआर ही नव्या फोनची देणगी. अशा फाइलीची डीव्हीडी केली की शालू फिकट, चेहरे राखाडी. अशा फाइली एडिटरमधून साध्या एसडीआर रंगांत काढून घ्याव्या लागतात. पुढच्या कार्यक्रमाला फोनच्या कॅमेरा सेटिंगमध्ये एचडीआर व्हिडिओ बंदच ठेवा. उभ्या धरलेल्या फोनच्या व्हिडिओला दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येणारच. त्या घालवायला चित्र ताणू नका.

आणि व्हॉट्सअॅपवरून आलेली फाइल मूळ म्हणून वापरू नका. तिथे ती आधीच पिळून निघालेली असते. ज्याने काढला त्याच्याकडून मूळ फाइल ड्राइव्हवरून किंवा पेनड्राइव्हवर मागवा.

डीव्हीडी स्टायलरमध्ये डिस्क बांधणं

विंडोज व्हिस्टा आणि ७ मध्ये मायक्रोसॉफ्टचं स्वतःचं डीव्हीडी मेकर होतं, विंडोज ८ पासून ते गेलं. अॅपलचं आयडीव्हीडीही बंद झालं. आज फुकटात आणि विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीकडे चालणारं म्हणून मी डीव्हीडी स्टायलर सुचवतो. दिसायला साधं आहे, पण काम चोख करतं. डाउनलोड त्याच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच करा आणि इन्स्टॉल करताना घाईने ‘नेक्स्ट’ दाबू नका. अशा फुकट सॉफ्टवेअरबरोबर भलतीच पाहुणी सॉफ्टवेअर घरात शिरायला बघतात.

सुरुवातीला हार्ड डिस्कवर १५ जीबी तरी जागा मोकळी करा. सगळ्या फाइली एका फोल्डरमध्ये आणा, आणि त्या फोल्डरचं व फाइलींचं नाव साध्या रोमन अक्षरांत, जागा न सोडता ठेवा. ‘ताईचं लग्न’ असं देवनागरी नाव वाचताना यातली काही जुनी साधनं अडखळतात.

नवं प्रोजेक्ट उघडलं की पहिली खिडकी सगळं विचारून घेते. डिस्कचं नाव: फक्त मोठी रोमन अक्षरं, आकडे आणि अधोरेघ. क्षमता: ४.७ जीबी. चित्राचा बिटरेट: ‘ऑटो’ ठेवला तर डिस्क भरेल असा बिटरेट तो स्वतः काढतो, तरी वरच्या हिशेबाशी ताडून पाहा, आणि फिल्म लहान असेल तर ८,००० किलोबिटवर स्वतः थांबवा. व्हिडिओ प्रकार: पाल किंवा एनटीएससी, जे ठरलं असेल ते. गुणोत्तर: १६:९. आवाज: एसी-३. हे पुढे बदलता येतं, पण मेनू तयार झाल्यावर बदललं की बटणांच्या जागा हलतात, म्हणून इथेच पक्कं करा.

मग मेनूचे नमुने समोर येतात. थोरल्यांसाठी डिस्क असेल तर मी मेनू ठेवतच नाही. ‘नो टेम्प्लेट’ निवडा, फाइल खालच्या पट्टीवर ओढा, मेनू काढून टाका. डिस्क घातली की फिल्म सुरू. मेनू हवाच असेल तर एक पान, तीन-चार मोठी बटणं, बस. बटणं आणि अक्षरं कडेला चिकटवू नका, जुने टीव्ही कडेचा भाग कापून टाकतात. चारही बाजूंनी दहावा हिस्सा मोकळा सोडा.

मेनूऐवजी कष्ट घ्यायचे तर ते चॅप्टरवर, म्हणजे रिमोटने उडी मारायच्या खुणांवर, घ्या. खालच्या पट्टीतल्या फाइलीवर उजवं क्लिक करून गुणधर्म उघडले की चॅप्टरच्या वेळा टाकता येतात. दर दहा मिनिटांनी एक असा यांत्रिक चॅप्टर टाकण्यापेक्षा फिल्म एकदा पळवत पाहा आणि गौरीहर, अंतरपाट, कन्यादान, सप्तपदी, पाठवणी यांच्या वेळा कागदावर उतरवा. रिमोटवरच्या ‘नेक्स्ट’ ने आजी थेट अंतरपाटापाशी पोचली तर तुमचं नाव निघेल. एका फिल्ममध्ये ९९ चॅप्टर चालतात, तेव्हा कंजुषी नको.

मराठी अक्षरांबद्दल स्वतंत्र सांगायला हवं. डीव्हीडीची सबटायटल म्हणजे मजकूर नसतोच, ती चार रंगांची छोटी चित्रं असतात आणि सॉफ्टवेअर अक्षरांची चित्रं बनवून ती आत घालतं. या चित्रं बनवण्यात देवनागरीची जोडाक्षरं फुटू शकतात, ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला पडू शकते. म्हणून मराठी ओळी एडिटरमध्येच थेट चित्रावर छापून घ्या. मेनूवरचं शीर्षकही तसंच: चित्र संपादकात पूर्ण पार्श्वभूमी मराठी अक्षरांसकट तयार करा आणि ती मेनूला लावा, वर फक्त पारदर्शक बटणं ठेवा.

तुम्ही एडिटरमधून नियमात बसणारी एमपेग-२ फाइल आधीच काढली असेल तर गुणधर्मांत चित्रासाठी ‘कॉपी’ निवडा. नाहीतर सॉफ्टवेअर ती पुन्हा एन्कोड करेल, वेळ जाईल आणि दर्जाही.

आता ‘बर्न’ चं बटण दाबा, पण खिडकीत ‘बर्न’ न निवडता ‘क्रिएट आयएसओ इमेज’ निवडा. सगळी डिस्क एका फाइलीत तयार होते, ती तपासता येते, आणि चूक सापडली तर कोरी डिस्क वाया जात नाही. लॅपटॉप जुना असेल तर दोन तासांच्या फिल्मला बराच वेळ लागतो. चार्जर लावून ठेवा आणि स्लीप मोड बंद करा.

कमांड लिहायची सवय असलेल्यांना हेच एफएफएमपेगने करता येतं. त्याला लक्ष्य म्हणून पाल-डीव्हीडी सांगितलं की आकार, फ्रेम रेट, आवाज आणि बिटरेटच्या मर्यादा तो आपोआप लावतो. ऑथरिंग मात्र वेगळं करावंच लागतं.

राइट करण्याआधी पाहा

आयएसओ फाइल व्हीएलसी प्लेअरमध्ये उघडा. पूर्ण बघायची गरज नाही, पण तीन ठिकाणी थांबा. सुरुवात: चेहरे नैसर्गिक रुंदीचे दिसतात का. मधली नाचाची किंवा अक्षतांची जागा: चौकोन किंवा दाते दिसतात का. शेवटची पाच मिनिटं: ओठ आणि आवाज जुळतात का. आवाजाची गडबड नेहमी शेवटाला उघडी पडते, आणि बहुतेक लोक पहिली दोन मिनिटं पाहून डिस्क राइट करतात.

राइट करणं

कोऱ्या डिस्कमध्ये वजा आर, अधिक आर आणि आरडब्ल्यू असे प्रकार असतात. जुन्या प्लेअरसाठी वजा आर, म्हणजे डीव्हीडी-आर घ्या. अधिक आर डिस्कही बहुतेक ठिकाणी चालते, आणि तुमचा रायटर तिचा ‘बुक टाइप’ (डिस्कवरची तिच्या प्रकाराची नोंद) डीव्हीडी-रॉम असा नोंदवू शकत असेल तर आणखी उत्तम. आरडब्ल्यू डिस्क कमी प्रकाश परत फेकते, जुनी लेन्स तिच्यावर रुसते; ती फक्त स्वतःच्या चाचणीसाठी. आपल्याकडे एकेकाळी घरोघरी दिसणाऱ्या मोजर बेअर या डिस्क बनवणाऱ्या कंपनीवर २०१८ साली अवसायनाची वेळ आली, त्यामुळे त्या नावाचा जुना साठा कुठे धूळ खात असेल तर स्वस्त मिळतो म्हणून उचलू नका. ताज्या, सीलबंद स्पिंडलमधल्या डिस्क घ्या.

लॅपटॉपना आता ड्राइव्ह नसतो, तेव्हा यूएसबीचा बाहेरचा रायटर लागेल. तो थेट लॅपटॉपच्या खाचेत लावा, हबमधून नको; राइट करताना वीज कमी पडली की डिस्क मध्येच मरते.

विंडोजवर आयएसओ फाइलीवर उजवं क्लिक करून ‘बर्न डिस्क इमेज’ म्हटलं तरी काम होतं, आणि तिथे राइटनंतर पडताळणी करायचा पर्यायही असतो. वेग ठरवायचा असेल तर ‘इमगबर्न’ वापरा. त्याची २.५.८.० ही आवृत्ती २०१३ ची आहे, तरी आजही बिनबोभाट चालते. मॅकवर फाइंडर आणि लिनक्सवर के३बी किंवा ब्रासेरो. एकच चूक टाळा: आयएसओ फाइल डिस्कवर ओढून टाकू नका. तसं केलं तर डिस्कवर एक भलीमोठी फाइल जाते आणि आपण परत डेटा डिस्कपाशी येतो.

वेगाबद्दल एक समज फार पसरलेला आहे, की जितकं हळू तितकं चांगलं. १६ एक्सच्या (एक्स म्हणजे डीव्हीडीच्या मूळ वेगाच्या किती पट) आजच्या डिस्क १ एक्स वेगासाठी बनवलेल्याच नसतात. ८ एक्स ठेवा, पातळ यूएसबी रायटर असेल तर ४ एक्स. भरलेल्या डिस्कला ८ एक्सवर आठ-नऊ मिनिटं, ४ एक्सवर साधारण पंधरा मिनिटं. त्या वेळात लॅपटॉपवर दुसरं जड काम नको. आणि ‘व्हेरिफाय’ वरची खूण काढू नका. डिस्क आतून बाहेर लिहिली जाते, त्यामुळे खोट असली तर ती बहुधा बाहेरच्या कडेला, म्हणजे फिल्मच्या शेवटाला निघते, आणि ती पडताळणीत पकडली जाते.

प्लेअरवर काही बिनसलं तर

पहिली प्रत शक्यतो त्याच किंवा तसल्याच प्लेअरवर लावून बघा, आणि शेवटच्या चॅप्टरवर उडी मारा.

‘नो डिस्क’ आलं तर आधी संगणकात डिस्क उघडून व्हिडिओ_टीएस फोल्डर अगदी वरच्या पातळीवर आहे का ते पाहा. ते दुसऱ्या कुठल्या फोल्डरच्या पोटात असेल तर प्लेअर शोधत बसत नाही. फोल्डर जागेवर असेल तर डिस्कचा प्रकार किंवा ब्रँड बदलून पाहा. बाजारातल्या छापील डिस्क चालतात आणि घरी केलेल्या चालत नाहीत, असं असेल तर बहुतेक वेळा लेन्सवर धूळ असते.

चित्र काळं-पांढरं आलं किंवा वरून खाली घरंगळत राहिलं तर पाल-एनटीएससीचा झगडा आहे. प्लेअरच्या सेटिंगमध्ये टीव्ही पद्धत ‘ऑटो’ किंवा ‘मल्टी’ करा. चित्र ठरावीक ठिकाणी अडखळत असेल तर बिटरेट ६ वर आणून पुन्हा करा. सगळंच धूसर वाटत असेल तर मागची वायर बघा. नुसती पिवळी पिन लावलेली असते आणि प्लेअरला एचडीएमआय असूनही ती खाच रिकामी असते. तीस-चाळीस सेंटिमीटर अंतरावरचा हा उपाय कुठल्याही एन्कोडिंगपेक्षा जास्त फरक पाडतो.

प्रती आणि जपणूक

डिस्कवर कागदी स्टिकर लावू नका. तो एका बाजूला जराही जाड झाला तर फिरताना डिस्क डगमगते, आणि डिंक उन्हाळ्यात सुटून प्लेअरच्या आत अडकतो. डिस्कसाठीच्या मऊ टोकाच्या मार्करने नाव, तारीख आणि पाल की एनटीएससी एवढं लिहा. बॉलपेन नको. ठेवायची ती कडक डबीत, उभी, खिडकीच्या उन्हापासून लांब. कोकणातल्या दमट घरात डबीबरोबर सिलिका जेलची पुडी ठेवलेली बरी.

मूळ एचडी फाइली कधीही पुसू नका, डीव्हीडी हा त्यांचा पर्याय नव्हे. त्या दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर असू द्या आणि शेजारीच तयार आयएसओही ठेवा. मधल्या तात्पुरत्या फाइली खुशाल उडवा. सासरच्या मंडळींनी आणखी चार प्रती मागितल्या की एन्कोडिंग परत करावं लागत नाही. कोरी डिस्क घाला, आयएसओ निवडा, दहा-पंधरा मिनिटांत पुढची प्रत बाहेर. फक्त अमेरिकेची प्रत वेगळी असेल तर दोन्ही आयएसओंच्या नावांत पाल आणि एनटीएससी लिहून ठेवा.